शेळीचे वरचे दात

माझी बायको सुभद्रा गेली तेव्हा मी शेळ्यांना पाणी पाजत होतो. नांदेडच्या दवाखान्यात तिच्या उशाशी पोरगी होती, मी नव्हतो. सकाळी सुभद्राच म्हणाली, "तुमी जा घरी. शेळ्या कालपासून डांबून हायेत, ओरडून मरतील." मी दारापर्यंत गेलो तर परत हाक मारली. "आन् ऐका, पेटीतलं पुस्तक अंगणवाडीत नेऊन द्या. शेळीचा पाठ राहिलाय लेकरांचा." म्हणलं, देतो. वारंगा फाट्याला उतरलो, गावात आलो, शेळ्या सोडल्या आणि हौदावर असतानाच पोरीचा फोन आला. नुसती रडत होती. माझ्या हातात बादली तशीच... शेळ्या पाणी पीत राहिल्या. त्याला आता दीड महिना झाला. पुस्तक अजून माझ्याजवळच आहे. ते का आहे, हे सांगायलाच मी लिहायला बसलोय.

मी दुसरीतून शाळा सोडली. सुभद्रा शिकलेली होती, गावातल्या अंगणवाडीची ताई झाली. मी आयुष्यभर शेळ्यांमागं, ती लेकरांमागं. तिचं एक होतं, कोणताही पाठ आधी घरी करून बघायची आणि लेकराच्या जागी मला बसवायची. मांडी घालायला लावायची, हाताची घडी घालायला लावायची. एकदा कुठल्याशा प्रशिक्षणाहून ती एक चित्रांचं पुस्तक घेऊन आली. त्यात एक शेळी बिनबोलावता लग्नाला जाते. मांडवाचं तोरण खाते, नवरदेवाचं बाशिंग खाते, बँडवाल्याची टोपी खाते. सुभद्रानं पानावर हात ठेवला आणि म्हणाली, "ओळखा, आता पुढं काय खाईल?"

"मी काय लेकरू हाय?"

"लेकरं बरी तुमच्यापरीस. ती तोंड तरी उघडतात."

मग तिनं शेवटचं पान दाखवलं. शेळी पोट धरून हसतीय आणि हसताना दोन्ही जबड्यांचे पांढरेशुभ्र दात दिसतायत. मला असं हसू आलं की ठसका लागला. ज्यानं कोणी ते काढलं त्यानं शेळी लांबूनच पाहिली असणार. शेळीला पुढचे दात खालीच असतात, वर नुसती हिरडी. दातावरून तर आम्ही शेळीचं वय सांगतो. मी म्हणलं, "हे खोटं हाय. शाई लाव अन् मिटव ते वरचे दात."

तिनं पुस्तक ओढून घेतलं. मला वाटलं, राग आला. मग म्हणाली, "मिटवायचे न्हाईत. लेकरांनाच सापडू द्या. उद्या पांढरीला घेऊन अंगणवाडीत या."

"चूक माहीत असून तशीच शिकवायची? काहून?"

"छापलेल्या पुस्तकाची चूक ज्याला सापडली, ते लेकरू बोलायला भीत न्हाई पुन्हा. तुमाला कुणी दाखवली असती तर दुसरीतून पळाले नसते तुमी."

हे मला झोंबलं. पण गेलो. त्या वर्षी वर्गात मेंढ्या राखणाऱ्याची एक पोर होती, मंगल. दोन महिने झाले तरी तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता. सुभद्रानं आधी पुस्तक दाखवलं, पुठ्ठ्याचे मुखवटे बांधून सगळ्यांना बें बें करत फिरवलं, आणि मग म्हणाली, "आता खरीचं तोंड बघा." मी पांढरीचा ओठ वर केला. लेकरं ईऽऽ करून मागं सरली. मंगल पुढं आली. तिनं हिरडीवर बोट फिरवलं, पुस्तकाकडं बघितलं, पुन्हा बोट फिरवलं आणि एकदम किंचाळली, "ताई, पुस्तक लबाड हाय!" सारा वर्ग उसळला. सुभद्रानं तोंडाला पदर लावला. हसत होती का रडत होती, मला कळलं नाही. मग तिनं मंगलचं बोट धरून चित्रातले वरचे खोटे दात एक एक मोजायला लावले, सगळ्यांनी ओरडून. तेव्हापासून दर वर्षी हाच पाठ, आणि दर वर्षी एखादं मुकं लेकरू त्या दातांपाशी बोलायचं. मी दारात शेळीचं तोंड धरून उभा.

आता माझी करणी सांगतो. तेराव्यानंतर पाहुणे गेले, पोरगी सासरी गेली. घर खायला उठलं. एका दुपारी मी पेटी उघडली, म्हणलं पुस्तक देऊन यावं. नेमकं शेवटचं पान उघडलं. ती शेळी दात काढून हसत होती. माझी बायको मातीत गेली आणि ही हसतीय... माझं डोकं फिरलं. शेळ्यांना खूण करायचा डांबराचा डबा कोपऱ्यात होता. बोट बुडवलं आणि वरचे दात फासून टाकले, सगळे. वर म्हणलं, घे, आता बराबर झालं.

हात धुताना कळलं, मी काय केलं. चूकच राहिली नाही तर लेकरांना सापडणार काय? एवढ्या वर्षांचा तिचा पाठ मी एका बोटानं बुजवला. रॉकेलच्या चिंधीनं पुसायला गेलो तर डांबर पसरलं, कागद फाटायला आला.

तिच्या जागेवर आलेली पोरगी दोनदा घरी येऊन गेली. "मामा, ताईंनी मला सांगितलं होतं शेळीच्या तोंडाचा खेळ. पुस्तक द्या ना. तसलं आता कुठं मिळत न्हाई." मी तोंड वर करून सांगितलं, सापडत नाही. सुभद्राला देतो म्हणलं होतं, आणि तिच्या लेकरांच्या नव्या ताईपुढं खोटं बोललो.

मग एक उपाय सुचला. पांढऱ्या कागदाचे दात कातरायचे, खळीनं डांबरावर चिकटवायचे. कात्री घेऊन बसलो आणि हात थांबला. किती दात होते? जन्मभर मी शेळ्यांचे दात मोजले, बाजारात शेळीचा ओठ वर करून वय सांगितलं. आणि हे दात दर वर्षी माझ्यासमोर लेकरं ओरडून मोजायची, माझं ध्यान पांढरीच्या पायाकडं, कुणाला लागू नये म्हणून. आकडा मला माहीतच नाही. तिला माहीत होता. विचारू कुणाला? सहा लावले, काढले. आठ लावले, काढले. अंदाजानं लावावं तर मन घेत नाही. तिनं मोजून शिकवलेलं मी अंदाजानं कसं भरू?

म्हणून हे पेपरात देतोय. जी लेकरं तिच्याकडं होती ती आता मोठी झाली, कुणी कळमनुरीला, कुणी पुण्याला असतील. मंगल कुठं दिली, तेही मला ठाऊक नाही. कुणाला आठवत असेल तर गावात निरोप द्या. एक आकडा पाहिजे फक्त. मिळाला की दात लावून पुस्तक नेऊन देईन, आणि अंगणवाडीतल्या त्या पोरीला खरं काय ते सांगेन.

आताची पांढरी त्या पहिल्या पांढरीची नात, तीही म्हातारी झालीय. सकाळी अंगणवाडीतून लेकरांचा कालवा आला की चरणं सोडते आणि माझ्याजवळ येऊन तोंड पुढं करते. तिला वाटतं, पाठ आहे. मी ओठ वर करतो, अंगठा आत घालतो. वरच्या हिरडीवरून फिरवतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत... मोजायला तिथं काहीच नाही.