बुरुलचाने लावलेला पडदा

किर्गिझस्तानातल्या नारीन शहराजवळच्या खेळाच्या मैदानावर मोठा पडदा आला तो बुरुलचामुळे. नवरा गेल्यापासून ती टीव्ही दुरुस्त करून पोट भरायची. शहरातल्या एका बंद पडलेल्या दुकानाचा दिव्यांचा फलक तिने उचलून आणला आणि त्याला तळहाताएवढा संगणक जोडला. तो बिस्किटांच्या डब्यात राहायचा. खांबावरच्या कॅमेऱ्याचं चित्र तो फलकावर दाखवायचा, आणि म्हटलं तर घडून गेलेलं पुन्हा, सावकाश.

खेळ कोक-बोरूचा. मुंडकं छाटलेला बोकड घोड्यांवरून हिसकावत न्यायचा आणि समोरच्या संघाच्या मातीच्या कुंडात टाकायचा, की गुण मिळायचा. त्यात बरगड्या मोडायच्या, दात पडायचे. त्याचं कुणाला काही वाटत नसे. तिचा धाकटा भाऊ कादिरकुल गावाचा सगळ्यात दांडगा स्वार होता.

त्या दिवशी धुळीच्या लोटात घोडे एकमेकांवर आदळले आणि पलीकडच्या गावचा एशिम खाली कोसळला. डोळ्यावर धरलेल्या त्याच्या बोटांमधून रक्त ओघळत होतं. पंचांना काहीच दिसलं नव्हतं. घोड्याचं डोकं लागलं, असं कादिरकुल सांगत होता. बुरुलचा डबा घेऊन मैदानाकडेला आपल्या गाडीत बसायची; म्हातारे पंच त्या गाडीशी आले आणि पुन्हा दाखव म्हणाले.

तिने आधी गाडीतल्या छोट्या पडद्यावर एकटीने पाहिलं. चाबकाची मूठ उलटी धरून भावाने एशिमच्या डोळ्यावर हाणली होती. एकदा नाही, दोनदा. मग तिने ते पडद्यावर सोडलं.

अख्ख्या मैदानाने पाहिलं. पलीकडचे लोक कठडे तोडून आत घुसले. काठ्या, रिकिबी, दगड, हाताला येईल ते चालू लागलं. त्या गर्दीतून कादिरकुलने घोडा थेट बहिणीच्या गाडीवर घातला. काच फुटली.

"तू माझी बहीण की त्यांची?"

"त्याचा डोळा फुटलाय, कादिर."

त्याने डबा हिसकावला. ती सोडेना, तेव्हा त्याने चाबकाच्या मुठीने तिच्या मनगटावर घाव घातला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. पडदा काळा पडला. घोड्याच्या टापांखाली डब्याचा चेंदामेंदा झाला.

एशिमचा डोळा गेला. पोलिसांपुढे बुरुलचाने पाहिलं ते सगळं सांगितलं आणि कादिरकुल तुरुंगात गेला. आईने तिच्याशी बोलणं टाकलं. गावातल्या बायका तिला पाहून वाट बदलायच्या. तिचं उजवं मनगट वाकडंच जुळलं. वसंतात तिने डाव्या हाताने तारांना कथलाचा डाग देत नवा संगणक जोडला आणि पडदा पुन्हा चालू केला.

सुटून आल्यावर कादिरकुल तिच्या दारात आला. माफी मागणं त्याला जमलं नाही. तिने चहा ओतला, त्याने पावाचा तुकडा मोडला.

"हात दुखतो का, ताई?"

"थंडीत दुखतो," ती म्हणाली. "एशिमकडे जाऊन आलास?"

त्याने हातातला तुकडा खाली ठेवला. तिने त्याच्यापुढचा पेला उचलला.

"आधी तिकडे जा. चहा मग."