बॉनेटखालचा पांढरा ठिपका

आयुष्यभर इतरांचे निबंध तपासलेल्या माणसाने उतारवयात स्वतः लिहायला बसावे, हे मलाच थोडे आगाऊपणाचे वाटते. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांचा सहवास मला अवघे चार आठवडे लाभला, आणि ज्या विद्येविषयी लिहायचे तिच्यात मी जेमतेम उत्तीर्ण झालो. तेव्हा वाचकांनी ही धिटाई क्षम्य मानावी. उस्तादांविषयी दुसऱ्या कुणी चार ओळी लिहिलेल्या माझ्या पाहण्यात आल्या असत्या, तर मी लेखणी उचललीच नसती.

उस्ताद मोटारीच्या रंगाला कधी उघड्या हाताने स्पर्श करीत नसत. सदऱ्याच्या खिशातून मलमलीचा हातभर तुकडा काढायचा, तो बोटांवर ताणून धरायचा, डोळे मिटायचे आणि मग दारावरून, बॉनेटवरून बोटे सरकवायची. आमचे वडील जुन्या पंचांगाच्या जीर्ण पानावरून जसे बोट फिरवीत, तशी ती बोटे फिरत. मध्येच थांबत. तिथे बारीक नजरेने पाहिले तर मोहरीहून लहान कण सापडे. मी एकदा भीतभीत विचारले, कापड कशासाठी? त्याने उलट कमी कळत असेल.

"उघड्या बोटाला आपलंच कातडं कळतं, मास्तरसाब," उस्ताद म्हणाले, "कापडातून रंग कळतो."

मी तिथे कसा पोहोचलो, ते सांगायला हवे. मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या आगेमागेचा तो उन्हाळा. मी तुळजापूरच्या एका शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवीत होतो. नोकरी कायम व्हायची तर एखादा हस्तव्यवसाय शिकल्याचा दाखला हवा, असा हुकूम निघाला. आम्ही सारे शिक्षक उस्मानाबादेला गेलो. नावे लिहून घेणाऱ्या टेबलाभोवती ही गर्दी! पुढे घुसणे मला कधीच जमले नाही. माझी पाळी येईपर्यंत सूतकताई भरली, पुस्तकबांधणी भरली, सुतारकामही भरले. कारकुनाने मान वर न करता विचारले, "मोटारीला रंग-पालिश. चालेल?" मी मोटारीत एकदाही बसलेलो नव्हतो. पण नाही म्हणायला जे धैर्य लागते, ते माझ्यापाशी नव्हते. अडतिसाव्या वर्षी मी असा नवशिका झालो.

उस्तादांचा वर्ग भरे तो एका जुन्या बग्गीखान्यात. आम्ही सहाजण होतो. पाचजण मोटारीच्या धंद्यात शिरू पाहणारे, आणि सहावा मी, धोतर नेसलेला. त्या पाचांत माकणीचा बाबूराव सर्वांत दांडगा आणि तोंडाचा फटकळ. मी पहिल्या दिवशी अंगठा आणि दोन बोटांत फडके धरून मोटार पुसू लागलो, तसा तो ओरडला, "उस्ताद, ह्ये बघा! मास्तर मोटारीला गंध लावायलेत!"

सारे हसले. उस्तादही हसले, पण माझ्याकडे वळून म्हणाले, "हसू द्या. ह्याचा हात लई जड हाय. तुमचा हलका हाय, तो तसाच ठेवा."

मला शिकवताना आजवर कुणी माझ्यात इतक्या लवकर काही चांगले शोधले नव्हते.

उस्ताद मूळचे नळदुर्गकडचे. उमेदीची वर्षे हैदराबादेत एका जहागीरदाराच्या मोटारखान्यात काढलेली. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर त्या मोटारी विकल्या गेल्या, धनी कुठल्या कुठे गेले आणि उस्ताद परत आले. त्या वैभवाच्या गोष्टी ते सांगत नसत. कुणी खोदून विचारलेच तर म्हणत, "मोटार नवाबाची असू दे न्हायतर बाजारसमितीची, धूळ एकच." आमच्याकडच्या काळ्या धुळीविषयी मात्र ते तासभर बोलत. कोरड्या फडक्याने धूळ पुसणाऱ्याला ते मोटारीचा दुश्मन म्हणत. आधी पाणी वरून सोडायचे, मातीला आपल्या पायांनी खाली जाऊ द्यायचे, मगच कापड. पहिला सबंध आठवडा आम्ही फक्त मोटार धुतली.

दुसऱ्या आठवड्यात पाण्यात भिजवलेला घासकागद हाती आला. घासणे सरळ, लांबीच्या दिशेने. कड आली की हात उचलायचा, कारण कडेला रंग सर्वांत पातळ. उस्ताद मागून फिरत आणि एकच शब्द म्हणत, "थांबा." आपण रंगात असताना नेमका तो शब्द येई. बाबूराव वैतागून म्हणाला, "उस्ताद, घासू तरी द्या की वो!" त्यावर ते म्हणाले, "घासायला तुला तुझी म्हैस शिकवील, झाडाला पाठ घासती ती. मी थांबायला शिकवतोय."

त्यांची आणखी एक सवय होती. मोटार पुरी झाली की बॉनेट उघडायचे, आगकाडीचे टोक पांढऱ्या रंगात बुडवायचे आणि आतल्या बाजूला, बिजागरीजवळ, तिळाएवढा ठिपका ठेवायचा. मला वाटले, दृष्ट लागू नये म्हणून असेल. तर म्हणाले, "छे हो. उद्या रंग बिघडला तर कुणाच्या गळ्याला हात घालायचा, ते मालकाला कळाया नको?"

आमच्या शिक्षणासाठी मोटार देणार कोण, हा मोठाच प्रश्न होता. अखेर सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आपली जुनी काळी मोटार दिली, ती केवळ उस्तादांच्या शब्दावर. शनिवारी त्यांना परंड्याच्या बाजूच्या गावांना फिरतीवर जायचे होते, तोवर ती आमची. उस्तादांनी आम्हाला बजावले, "ह्या रंगाला धक्का लागला तर दुसरी मोटार कुणी देणार न्हाय. क्लास बंद. तुमचे दाखलेबी गेले."

त्या मोटारीच्या बॉनेटवर पाखराच्या शिटेने पडलेला तळव्याएवढा पांढुरका डाग होता. उस्तादांनी मलमलीने तो चाचपला आणि म्हणाले, "हा आत मुरलाय. ह्याला हात लावायचा न्हाय. डाग काढायला जाल, तर रंगच निघून जाईल."

आता जे मी केले, ते आमच्या घरात वाढलेला माणूसच करू जाणे. आम्ही पुजारी घराण्यातले. मुंज झाल्यापासून देवाची तांब्या-पितळेची भांडी घासण्याचे काम माझे. कसलाही काळा डाग असो, चिंच आणि राख लावून गोल गोल घासला की ताम्हन सोन्यासारखे होई. ती एकच कला माझ्या हाताला पुरी अवगत होती. त्या डागाने मला दोन दिवस अस्वस्थ केले. उस्तादांनी माझ्या हाताचे कौतुक केले होते. त्यांना काहीतरी दाखवावे, असा मोह झाला. बुधवारी सकाळी सर्वांच्या आधी मी बग्गीखान्यात गेलो, तो कागदात चिंच आणि गोवरीची राख बांधूनच.

पाच-सात मिनिटे घासले, वर पाणी ओतले. डाग नाहीसा! ओले बॉनेट आरशासारखे दिसत होते. मी समाधानाने विहिरीवर हात धुवायला गेलो. परतलो तेव्हा पाणी वाळले होते. डागाच्या जागी राखाडी वर्तुळांचे जाळे उमटले होते आणि त्याच्या मध्यभागी रंगाखालचे तांबूस अस्तर उघडे पडले होते. बॉनेटपाशी बाबूराव तोंड उघडे टाकून उभा होता, आणि दारातून उस्ताद आत येत होते.

त्यांनी मलमल काढली, डोळे मिटले, बोटे फिरवली. मग विचारले, "कोण?"

कुणी बोलेना. मीही नाही. मी ओले हात धोतराला पुसले.

"बाबूराव, काल तू हितंच घासत हुतास."

"म्या न्हाय उस्ताद! आईची आन! लेकराची आन!"

"मग रंग आपल्या आपण उठून गेला?"

बाबूराव भिंतीशी जाऊन बसला. दुपारपर्यंत तो तिथून उठला नाही, आणि मी पलीकडे एक दार पुन्हापुन्हा पुसत राहिलो. त्या चार तासांइतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नाही.

दुपारी सारे भाकरी खायला बाहेर गेले, तेव्हा उस्ताद माझ्याजवळ आले. मलमलीचा तुकडा त्यांनी माझ्या नाकाशी धरला. चिंचेचा वास येत होता.

"मास्तरसाब, तुमच्या घरी देवाची भांडी कोण घासतं?"

"मीच," मी म्हणालो.

"वाटलंच. काम नेकीचं हाय. गोल गोल, एका लयीत. बाबूरावच्या घरची भांडी त्याची बायको घासती." त्यांनी मलमल घडी करून खिशात ठेवली. "सकाळीच कळलं हुतं मला. वाट बघत हुतो तुमची. चुकलंच माझं, बिचाऱ्याला उगंच बोल लागला. आता रंगाचं मी बघतो. सांगायचं तुम्ही. त्याला बी, आन् बाईंना बी."

समोरासमोर बोलणे मला जमणार नव्हते. मी कागद घेतला आणि अर्धा तास खपून डॉक्टरीणबाईंना पत्र लिहिले. उस्तादांना मराठी लिपी तितकी सरावाची नव्हती, म्हणून वाचून दाखवले: "सदर मोटारीच्या पृष्ठभागास अनवधानाने काही क्षती पोहोचली असून, त्याबद्दल अत्यंत खेद वाटतो."

"लई झकास," उस्ताद म्हणाले. "पर ह्ये केलं कुणी, ते यात कुठं हाय?"

मी पत्र फाडले. बाहेर लिंबाखाली सारे बसले होते. मी बाबूरावसमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "ते मी केलं. सकाळीच सांगायला हवं होतं." माझा आवाज माझ्यापर्यंतही धड पोहोचला नसावा.

बाबूरावने भाकरी खाली ठेवली. "तुमी? अवो, तुमी तर हात लावायच्या आदी मोटारीची परवानगी घेताय!" मग आपल्या फडक्यातला कांदा त्याने बुक्कीने फोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. "खावा आता. सकाळधरनं तोंड बघवंना तुमचं."

दवाखान्यात उस्ताद माझ्याबरोबर आले, पण फाटकाशीच थांबले. मी रोग्यांच्या रांगेत उभा राहिलो. पाळी आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझे मनगट हातात घेतले. "काय होतंय?"

"मला काही नाही. तुमच्या मोटारीला झालंय. मी केलं."

"काय केलंत?"

"चिंच लावली."

त्यांनी मनगट सोडले नाही. क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "नाडी फार पळतेय तुमची. बसा आधी." मग सारे ऐकून घेतले. रागावल्याही, तो अधिकार त्यांचा होता. शेवटी म्हणाल्या, "शनिवारी पहाटे गाडी दारात हवी. परंड्याला माझी वाट बघताहेत. त्याआधी काय करायचं ते तुम्ही आणि उस्ताद बघा."

मी बाहेर आलो. तोंड पाहूनच उस्तादांना कळले असावे. "चला, लई घासायचंय," एवढेच म्हणाले.

सबंध बॉनेटचा रंग उतरवून नवा द्यावा लागला. घासण्याचे काम त्यांनी माझ्याच हातून करून घेतले. दोन दिवस मी सरळ, लांबीच्या दिशेने घासत होतो. बाबूराव न सांगता पाणी सोडीत होता. कड आली की हात आपोआप उचलला जाऊ लागला. शुक्रवारी एका क्षणी मी स्वतःच थांबलो. मागे वळून पाहिले तर उस्ताद उभे होते, तोंडाशी आलेला शब्द गिळून हसत होते.

रंग त्यांनी फवारला, झिलई आम्ही सर्वांनी मिळून आणली. शेवटी त्यांनी बॉनेट उघडले, आतला पांढरा ठिपका ठेवला, आणि आगकाडी माझ्यापुढे धरली. मी मागे सरलो. त्यांच्या शेजारी माझी खूण? "घ्या," ते म्हणाले, "घासलंय कुणी?" मी आगकाडी घेतली. माझा ठिपका त्यांच्याहून थोडा मोठा आणि वाकडा पडला.

दाखला मिळाला, नोकरी कायम झाली. पुढे दोन-तीन वर्षांनी मी उस्मानाबादेला गेलो, तर बग्गीखान्यात धान्याची पोती होती. उस्ताद मुलीकडे गुलबर्ग्याला गेले होते, आणि गुलबर्गा आता वेगळ्या राज्यात होता. बाबूराव भेटला, ट्रक चालवीत होता. उस्तादांनी माझ्यासाठी ठेवलेला मलमलीचा तुकडा त्याने आपल्या सीटखालून काढून दिला. सोबत निरोप काय होता, असे मी विचारले. म्हणाला, "काय न्हाय. मास्तरला दे, म्हणले. त्येंला कळंल, म्हणले."

मला कळले, असे वाटते. पुढच्या सर्व वर्षांत वह्या तपासताना, एखाद्या मुलाच्या निबंधावर लाल शाई चालवताना, कड आली की माझा हात उचलला गेला. आणि चूक झाली तेव्हा, वर्गात असो की घरात, "मी केले" हे दोन शब्द मला म्हणता आले. शाळेतल्या कुठल्याही पुस्तकाने ते मला शिकवले नव्हते. उस्तादांचे आभार मानायचे मात्र राहून गेले. गुलबर्ग्याचा पत्ता बाबूरावपाशी नव्हता, आणि असता तरी पत्र लिहून झाल्यावर ते पुन्हा विचारतील, "यात तुम्ही कुठं हाय?" अशी मला धास्ती वाटली असती.

डॉक्टरीणबाईंची बदली झाली, तेव्हा ती काळी मोटार परंड्याकडच्या कुणा बागाईतदाराने घेतल्याचे कानावर आले. आज ती कुठल्या अंगणात उभी आहे, चालते की तिच्यावर कोंबड्या बसतात, मला ठाऊक नाही. पण आपण कुणी त्या भागातले असाल आणि अशी एखादी जुनी काळी मोटार पाहिली असेल, तर एवढेच विचारतो: तिच्या बॉनेटखाली, बिजागरीजवळ, दोन पांढरे ठिपके अजून आहेत का?