सोमवारचे मोकळे चौकोन

कागलच्या एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीला सुट्टी सोमवारी असायची. विजेचा भार वाटला जावा म्हणून तो वार कधीतरी ठरला आणि तसाच राहिला. त्यामुळे नात्यातली लग्नं, बारशी, वास्तुशांती सगळं रविवारी, आणि मी रविवारी वाळूच्या लॅबमध्ये. साच्याची वाळू किती ओली, किती घट्ट, हे तपासायचं माझं काम. ते मला चांगलं जमायचं. पण लॅबप्रमुख व्हायला मटेरियल टेस्टिंगची पदविका लागत होती, आणि ती माझ्याकडे नव्हती.

नव्वदच्या दशकात एकदा प्रयत्न करून बघितला. विद्यापीठात तेव्हा प्रत्येक विभागाचं वेळापत्रक त्याच्या त्याच्या नोटीस बोर्डावर. या पदविकेची व्याख्यानं एका विभागात, प्रात्यक्षिकं दुसऱ्यात, आणि दोन्ही इमारती दोन टोकांना. उन्हातून चालत गेले. एका बोर्डावर गेल्या वर्षीचा कागद होता, दुसऱ्यावर नुसत्या टाचण्या. "साहेब आल्यावर विचारा," असं दोन्हीकडे सांगितलं. साहेब दोन्हीकडे आले नाहीत. संध्याकाळी मंगळवार पेठेत घरी पोचले तर थोरल्या जाऊबाई चुलीपुढूनच म्हणाल्या, "मिळाली का गं डिग्री? मग ये, भाकरी थाप आता."

मी हात धुऊन भाकरी थापल्या. विषय संपला.

तो पुढच्या दशकात परत उघडला. आमचे लॅबप्रमुख निवृत्त व्हायला आले होते. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, यंदा पदविकेला नाव घाला, खुर्ची तुमच्यासाठी धरून ठेवतो. न्हाईतर पुण्याचा माणूस तयारच हाय." प्रवेशाची मुदत संपण्याआधी माझ्या वाट्याला एकच सोमवार उरला होता. पाणी आणि छत्री घेऊन, दिवसभर हिंडायच्या तयारीनं गेले.

चौकशीच्या खिडकीत कॉम्प्युटर होता. मी पदविकेचं नाव सांगितलं. क्लार्कनं खुर्ची पुढं सरकवली. "बसा वैनी. आता हिंडायचं काम न्हाई. सगळ्या विभागांची वेळापत्रकं ह्यात घातल्यात. आपल्याच पोरांनी बनवलंय."

पडद्यावर वरच्या ओळीत वार, कडेला तास, मधे पांढरे चौकोन. सगळ्यात वर इंग्रजीत एकच प्रश्न: तुम्ही कधी मोकळे असता?

मी तो दोनदा वाचला. घर, कारखाना, एसटी, विद्यापीठ, सगळ्यांनी आजवर मला फक्त कधी यायचं तेवढं सांगितलं होतं. मला सवड कधी असते, हे विचारणारं हे पहिलंच.

"नोकरी करताय न्हवं?" क्लार्कनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता रविवारचे सगळे चौकोन भरले. पडद्यावर माझी पदविका आली, रविवारची बॅच. "घ्या! खास नोकरदारांसाठी काढलीया."

"रविवारी मी कामावर असते."

"रविवारी कोण कामावर असतंय, वैनी?"

"निम्मी एमआयडीसी."

"आणि सोमवारी शिकायला कोण येतंय?"

"मी. आणा तो माउस इकडं."

रविवार मी पुसून टाकला. माउस हातात धरवत नव्हता, बाण भलतीकडे पळायचा. एकेक करून सोमवारचे सगळे चौकोन भरले. बाकीचे वार कोरेच ठेवले, कारण शिफ्ट संपवून शहरात पोचेपर्यंत तिथं दिवे मालवायची वेळ व्हायची. बटण दाबलं. पडदा पांढरा झाला. इथं काही आलं नाही तर खुर्ची पुण्याला जाणार.

एक ओळ आली. व्याख्यानं सोमवारी सकाळी, प्रात्यक्षिकं सोमवारी दुपारी.

मी काही भाबडी बाई नाही. रोज यंत्रांत वावरते. भट्टीतून वितळलेलं लोखंड ओततात तेव्हाही मी घड्याळ बघत असते. पण त्या खिडकीत मी तोंड उघडं टाकून बसले. ज्या दोन इमारतींमधलं अंतर तुडवून माझा अख्खा दिवस गेला होता, त्यांची वेळापत्रकं या डब्यानं माझ्या सुट्टीवर नेमकी बसवून दिली होती, आणि तेही मी माउसवरचं बोट उचलायच्या आत. एवढी माणसं, एवढे वर्ग, एवढे तास, आणि त्यातून माझा एक सोमवार.

"परत दाखवा," मी म्हटलं. क्लार्क हसला, पण त्यानं दाखवलं. तीच ओळ.

"आयला," तो म्हणाला, "ही बॅच हाय हे आमालाबी ठावं नव्हतं की."

त्याच दुपारी प्रवेश घेतला. मंगळवारी मॅनेजरांपुढं पावती ठेवली, त्यांनी माझ्यादेखतच पुण्याला फोन लावून नकार कळवला. जाऊबाई म्हणाल्या, "मग सोमवारी भाकरी कोण थापणार?" मी म्हटलं, "तुम्ही."

पहिल्या सोमवारी मी वर्ग भरायच्या बऱ्याच आधी जाऊन पोचले. पडद्यावर दिसलं म्हणून शिकवणारं माणूस येतंच असं नाही, हे मला बोर्डांनी शिकवलं होतं. दार उघडं होतं. आत शिकवणाऱ्या बाई फळा पुसत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पंखा लावा, आणि पुढं बसा."