कापसाच्या खोलीतली शिंक

आज कापसाच्या खोलीचं दार ढकललं आणि तोच कोंदट वास नाकात शिरला. ढिगावर माझी नवी सून गाढ झोपली होती.

मीही अशीच नवी सून होते तेव्हा; लग्नाला महिनाही झाला नव्हता. दुपारी भांडी आवरून मी याच ढिगावर जरा पाठ टेकली आणि डोळा लागला. जाग आली ती माणसांच्या आवाजाने. बैठकीत मारेगावचे पाहुणे बसले होते, आणि या खोलीचं एकुलतं दार बैठकीतच उघडतं. केसांत कापूस घेऊन त्यांच्यासमोरून कशी जाणार? कापसाने मान, पाठ खाजत होती. सासूबाई चहासाठी घरभर हाका मारत होत्या. तोंडात पदर कोंबला, तरी शिंक आलीच.

"आत कोन हाय जी?" एका पाहुण्याने विचारलं.

"मांजर असन," सासरे म्हणाले. "चला, वावरातली पऱ्हाटी पाहून येऊ."

सगळे शेतातलं कापसाचं पीक बघायला गेले. मला मांजर म्हणाले, म्हणून मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांनी मला वाट करून दिली होती, हे कळायला मला सासू व्हावं लागलं.

"आत कोन हाय वो?" आज बैठकीत येऊन बसलेल्या शेजारणीने विचारलं.

मी दार हळूच ओढून घेतलं.

"मांजर हाय."