टोचणारा पोचला नाही

एकट्यानं डोंगर फिरायची मला हौस नव्हती, नोकरी होती. मी देवी टोचायला हिंडायचो, सातपुड्यात, मोलगीपासून तोरणमाळच्या अंगापर्यंत. सोबतीला शिपाई मिळायचा तो कागदावर. डोंगरातल्या हिवतापाचं नाव काढलं की त्याचं पोट दुखायला लागायचं. मग लशीची पेटी, घोंगडी आणि दशम्या घेऊन मी एकटाच निघायचो. तापीकाठच्या आमच्या घरी आई दारात उभी राहून दर खेपेला तेच म्हणायची, "डोंगरमा एकला नको जाऊ रे भो. मन्हा जीव टांगेल ऱ्हास." तिला मी काय सांगणार, कपाळ! मी परत दिसलो की तोच माझा निरोप. मधले दिवस तिनं आपले देवापुढं बसून काढायचे.

डोंगरात मात्र मी कुठं आहे हे सगळ्यांना ठाऊक असायचं. तिथं पाडा म्हणजे या टेकडीवर एक घर आणि त्या टेकडीवर दुसरं. माणसं एकमेकांना हाळी घालून बोलतात. माझी पांढरी टोपी चढणीवर दिसली की पहिल्या घरातून लांबलचक 'कूऽऽ' निघायचं, पलीकडून त्याला उत्तर यायचं, आणि तिथून ते आणखी पुढं जायचं. त्यांच्या बोलीत माझं नाव 'टोचणारा'. मी धापा टाकत पोचेपर्यंत पाड्यात उरायच्या म्हाताऱ्या, कोंबड्या आणि धुमसती चूल. आया पोरांना घेऊन जंगलात पसार. टोचलेलं पोर तापतं हे त्यांनी पाहिलं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. न टोचलेल्या पोरांचं काय होतं ते मी पाहिलं होतं. एका पाड्यात देवी येऊन गेल्यावर घराघरांत पोरांच्या झोळ्या रिकाम्या लोंबत होत्या. त्यामुळं ती हाळी कानावर आली की माझं टाळकं सरकायचं.

एका हिवाळ्यात मी ठरवलं, यांना चकवायचंच. एका पाड्यावर मोठ्यानं सांगितलं की आता मी मोलगीला परत चाललो, आणि सगळ्यांच्या देखत खालची वाट धरली. हाळी माझ्यापुढं खाली धावत गेली. वळण आलं तशी टोपी खिशात घातली, काळी घोंगडी डोक्यावरून ओढली आणि गुपचूप नाल्यात उतरलो. नाल्यानाल्यानं वर चढून वरच्या पाड्यात अचानक हजर व्हायचं, असा बेत. स्वतःवर खूश होतो मी. शेवाळलेल्या खडकावर पाय पडला आणि नडगी मोडली. मोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला.

ओरडून पाहिलं. माझा आवाज नाल्याबाहेर जाईना. मग पडल्या पडल्या विचार करू लागलो की आपली आठवण कुणाला येईल. आईला वाटणार, पोरगा फिरतीवर आहे. कचेरीला मी आठवणार महिन्याचा अहवाल गेला नाही म्हणजे. वरच्या पाड्याला मी येणार हे माहीत नव्हतं, आणि खालच्या पाड्यात मी पोचावं असं कुणाला वाटत असेल? त्या दिवशी माझी वाट बघणारं कुणीच नव्हतं. पायाच्या कळेपेक्षा हे भयंकर वाटलं. मी रडलो, चांगला हुंदके देऊन रडलो.

उन्हं कलली तशा वरून हाळ्या सुरू झाल्या. नेहमीसारखी एकामागून एक नव्हे, चारी बाजूंनी. मग नाल्याच्या वाळूत उमटलेली माझी पावलं बघत एक म्हातारा आला, हातात तीरकामठा, आणि मागून दोन बाया. एकीच्या पाठीवर तान्हं पोर बांधलेलं. ती माझ्यापासून हातभर लांबच राहिली. पण माझ्या पायाला बांबूच्या कामट्या बांधताना म्हाताऱ्याला दोर कमी पडला, तेव्हा तिनंच आपल्या लुगड्याचा काठ फाडून दिला.

मी विचारलं, मला शोधायला कसे आलात? डोंगरात सगळ्यांना 'तू'च म्हणतात, साहेब असो की देव. म्हातारा म्हणाला, "तू खाली पोचला नाहीस, वर आला नाहीस. तू गेलास कुठं ते कळेना. मग आम्ही पोरं घरी कशी आणायची?"

सकाळपासून आजूबाजूच्या सगळ्या पाड्यांतल्या आया उपाशी पोरं घेऊन जंगलात बसल्या होत्या. टोचणारा कुठूनही उगवेल, या धास्तीनं. आई माझ्यावर जीव टाकणारी, पण ती दूर होती आणि तिला काही कळणारच नव्हतं. मी कुठं आहे याची खबर ठेवली होती मला भिणाऱ्या माणसांनी. मला हसू आलं, आणि हसता हसता पुन्हा रडू फुटलं. म्हाताऱ्याला वाटलं, पाय दुखतोय. त्यानं गाठ जरा सैल केली.

घोंगडीची झोळी बांबूला बांधून त्यांनी मला मोलगीकडं न्यायला घेतलं. हाळी पुढं गेली, टोचणारा सापडला, पाय मोडलाय. आणि काय सांगू, टेकडीटेकडीवर पोरं येऊन उभी राहिली. नागडीउघडी, शेंबडी, एकमेकांना ढकलत मला बघणारी. इतकी वर्षं मी हिंडत होतो, आणि एवढी पोरं या डोंगरात आहेत हे मला त्या दिवशी दिसलं. त्यांतली एक पोरगी धीर करून झोळीला येऊन लागली. माझ्या पायाकडं बोट दाखवून तिनं विचारलं, दुखतं का? सुई टोचण्याआधी मी प्रत्येक पोराला 'नाही रे दुखत' म्हणत आलो होतो. तिला मी म्हटलं, "हो गं, लई दुखतं."

पेटी माझ्या पोटाशी होती. मी तिला हात लावला नाही. लावला असता तर त्या टेकडीवर एकही पोर उरलं नसतं, आणि पुन्हा कधी बाहेरही आलं नसतं. ती पोरगी झोळीचा काठ धरून पुढच्या टेकडीपर्यंत चालत आली, आणि मी तिच्या कोऱ्या दंडाकडं बघत राहिलो.