गोंदियाचा पाहुणा

त्या जपानी कार्टून मालिकेतला पोरगा शाळेच्या सायकल स्टँडवर कुलूप उघडता उघडता गायब होतो. पोट दुखतं असं खोटं सांगून त्याने शेवटचा तास बुडवलेला असतो. खांद्याला दप्तर, दप्तरात रिकामा डबा आणि कंपासपेटी. एकदम लखलखाट होतो आणि डोळे उघडतात तेव्हा तो भलत्याच जगातल्या भर बाजारात उभा असतो. आभाळात दोन चंद्र, माणसांना कोल्ह्याचे कान. त्याच्या पेटीतलं कर्कटक पाहून तिथले लोक हातच जोडतात, कारण त्यांना ती जादूची वस्तू वाटते. ज्याचं नाव त्याच्या सरांच्याही लक्षात राहत नव्हतं, तो पुढे तिथलं राज्य वाचवायला निघतो.

आज हे सांगताना मला हसू येतं. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि जेवणखाण विसरून ते बघत होतो.

दोन हजार बारा साल असेल. मी गोंदियाला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि एका बैठ्या घरातली मागची खोली दोघांत मिळून घेतली होती. जोडीदार बालाघाटकडचा, हिंदी बोलणारा, मोकळ्या मनाचा. कॉम्प्युटर त्याचा आणि त्यात ठासून भरलेल्या मालिकाही त्याच्याच. बोलणं जपानी, खाली अक्षरं इंग्रजी. आमचं दोघांचंही इंग्रजी लंगडं, त्यामुळे एक ओळ लागेपर्यंत दुसरी निघून जायची. मग तो म्हणायचा, "पीछे ले, यार, पीछे ले." अर्ध्या तासाचा भाग बघायला आम्हाला तास लागायचा.

मला त्यातल्या तलवारींचं फार वाटलं नाही, दोन चंद्रांचंही नाही. एकच गोष्ट आवडली. त्या जगात त्या पोराला कोणी विचारत नाही, की तू कोणाचा?

आमच्याकडे, कोहमाऱ्याच्या आजूबाजूला, पोराला पहिला प्रश्न हाच असतो. "कोणाचा गा तू?" नाव नंतर. बापाचं नाव कळलं की विचारणारा दोन मिनिटांत तुमची जमीन, तुमचे सोयरे, तलावाखाली धानाच्या बांधी किती आहेत, सगळं जुळवून मोकळा. मी बापाचं नाव सांगितलं की मात्र समोरचा आधी हसायचा. "अरे, तो दंडारीतला? काय नाचते गा तुझा बाप!" ते हसणं वाईट नव्हतं, हे मला आता कळतं. तेव्हा अंगाची आग व्हायची.

दिवाळी झाली की आमच्या भागात मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. आज या गावाची, उद्या त्या गावाची. लेकी-जावई येतात, उकडलेल्या शिंगाड्यांच्या पाट्या लागतात, जिलेबीच्या कढया चढतात, आणि भर दुपारी मोकळ्या जागेत दंडार उभी राहते. ढोलकी, झांजा, गाणी, थट्टा, आणि बायकांची सोंगं घेऊन नाचणारे पुरुष. माझे बाबा बाईचं सोंग घ्यायचे. वर्षभर ते साधे धानाचे शेतकरी, गुडघाभर चिखलात वाकलेले, फार न बोलणारे. मंडईच्या दिवसांत मात्र मिशी उतरवायचे, आईचं हिरवं लुगडं नेसायचे आणि वेगळाच माणूस व्हायचे. लहानपणी त्यांच्यापुढे आरसा धरायचं काम माझं असे, आणि ते मी कोणाला करू देत नसे.

आठवीत एका पोराने सगळ्या वर्गासमोर विचारलं, "घरी बापाले बाबा म्हणतेस का माय म्हणतेस?" वर्ग हसला, सरही हसले. त्या दिवाळीला मी आरसा धरला नाही. डोकं दुखतं म्हणालो. बाबांनी आरसा खुंटीला अडकवला आणि एकट्यानेच कुंकू लावलं.

त्यांची एक खासियत होती. नाच रंगात आला की ते रिंगण सोडून गर्दीत शिरायचे, बाहेरगावचा एखादा पाहुणा हेरायचे आणि कमरेवर हात ठेवून विचारायचे, "कोणाचा गा तू, पाहुण्या?" पाहुणा बापाचं नाव सांगायचा, गाव सांगायचा. बाबा तिथल्या तिथे ती दोन्ही नावं घालून गाण्याची ओळ जुळवायचे, ढोलकीवाला ती उचलायचा आणि सगळी मंडई ती ओळ म्हणायची. लोक मुद्दाम पुढे येऊन बसायचे त्यासाठी. आपल्या बापाचं नाव एवढ्या माणसांच्या तोंडून ऐकायला कोणाला आवडणार नाही?

बीएस्सीच्या त्या वर्षी दिवाळीला मी दोन दिवस घरी राहिलो आणि प्रॅक्टिकलची वही पूर्ण करायची आहे असं सांगून गोंदियाला परतलो. वही कधीच पूर्ण झालेली होती. जोडीदाराने मंडईचं ऐकलं होतं आणि माझ्या मागे लागला, "एक बार दिखा तो दे." आमच्या गावाकडे त्याला न्यायचा प्रश्नच नव्हता. मी पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचं, आमच्यापासून लांबचं एक गाव निवडलं. बाबांची मंडळी आसपासच्या पाच-सहा गावांतच जायची, अशी माझी समजूत होती. बाप चार पैशांसाठी, मानासाठी कुठवर जातो याची मी कधी चौकशीच केलेली नव्हती.

त्याच्या मोटारसायकलवर आम्ही दुपारी पोचलो. तलावाच्या पाळीखाली मंडई भरली होती. गाडी लावतानाच मला ढोलकी ऐकू आली. ती ढोलकी मी जन्मापासून ऐकत होतो. मी जोडीदाराला जिलेबीकडे ओढलं, आकाशपाळण्याकडे ओढलं. तो कसला ऐकतो! माणसं बाजूला सारत थेट पुढच्या रांगेत जाऊन बसला आणि माझ्यासाठी जागा धरून हाका मारू लागला. मी गेलो. खाली मान घालून बसलो.

बाबांनी मला पाहिलंच. गिरकी घेताना त्यांची नजर माझ्यावरून गेली, पुन्हा आली आणि थांबली. खोटं बोलून आलेला पोरगा सापडला म्हणून ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते खुलले. इतक्या लांबच्या गावी आपला शिकलेला पोरगा आपला नाच बघायला आला आहे, असं त्यांना वाटलं. रंगवलेला तो चेहरा असा काही फुलला, की मला पळून जावंसं वाटलं.

घुंगरं वाजवत ते सरळ माझ्यापुढे आले. कमरेवर हात, मान तिरपी. ढोलकीवाल्याने मला ओळखलं आणि ठेका हळू केला. पुढे काय होणार ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी बापाचं नाव सांगायचं, बाबांनी लाजल्याचं सोंग करून पदर तोंडात धरायचा, आणि विचारणारी बाईच बाप आहे हे गर्दीला कळलं की हसून हसून मंडई डोक्यावर घ्यायची. वर्षानुवर्षं लोकांनी आठवावी अशी थट्टा होती ती. बापाने ती माझ्या हातात आणून दिली होती.

"कोणाचा गा तू, पाहुण्या?"

जोडीदार माझ्याकडे बघत होता. हसत होता. मी म्हणालो, "गोंदियाचा आहे मी. इथे माझं कोणी नाही."

ढोलकी थांबली. बाबांचे डोळे माझ्या डोळ्यांत होते, काजळ घामाने गालावर आलेलं. एवढं जवळून मी त्यांना कितीतरी वर्षांनी पाहत होतो. एक क्षण गेला असेल. मग त्यांनी टाळी वाजवली, गर्दीकडे वळले आणि गळा काढून गायले,

"गोंदियाचा पाहुणा आला व माय,
याले बसाले पाट द्या व माय!"

गर्दी हसली. ढोलकीवाल्याला हात चालवावे लागले. शेकडो माणसांनी ती ओळ म्हटली. जोडीदार टाळ्या पिटत माझ्या कानात ओरडला, "क्या कलाकार है यार ये!" मी मान हलवली. माझी अब्रू राखायला बाबांना एक क्षण पुरला होता. मला मात्र त्या क्षणात उठून त्यांच्या पाया पडता आलं नाही.

परत येताना वाटेत एका ढाब्यावर आम्ही चहा प्यायलो. जोडीदार त्या नाचाबद्दलच बोलत होता. खोलीवर आल्यावर त्याने मालिकेचा पुढचा भाग लावला आणि मी बघितला. त्यात काय होतं ते मला आठवत नाही.

पंधरा दिवसांनी मी गावी गेलो. आईने चुलीपुढे बसल्या बसल्या सहज विचारलं, "तिकडच्या मंडईले गेलता का रे कुठं?" बाबा अंगणात विळ्याला धार लावत होते. तिथूनच म्हणाले, "कायले जाईन तो? अभ्यास आहे त्याचा." आणि धार लावत राहिले. आईला त्यांनी कधीच सांगितलं नाही. मलाही एका शब्दाने बोलले नाहीत. पुढच्या वर्षी मंडळी बोलवायला आली, तेव्हा त्यांनी गुडघे दुखतात असं सांगितलं. त्याच गुडघ्यांनी ते त्या वर्षी धानाची सगळी रोवणी करून बसले होते. त्यानंतर ते दंडारीत उभे राहिले नाहीत.

ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मध्ये पाच-सहा वर्षं होती, बोलायला भरपूर वेळ होता. बाबा, त्या दिवशी चुकलो, एवढंच म्हणायचं होतं. दर सुट्टीला ठरवून जायचो आणि धानाचं, पाण्याचं, आईच्या खोकल्याचं बोलून परत यायचो. मंडईतली गोष्ट मी कदाचित कधीतरी बोललोही असतो. बोलता येत नव्हतं ते तिच्यानंतर दोन महिन्यांनी जे घडलं त्याच्यामुळे.

जानेवारीतली दुपार होती. कॉलेजला सुट्टी असल्याने आम्ही मालिका लावून बसलो होतो. दारावर टकटक झाली, जोडीदाराने उघडलं. मी खाटेवरून आवाज ओळखला.

"मैं इनके गांव का आदमी हूं," बाबा माझ्याकडे हात करून त्यांच्या मोडक्या हिंदीत सांगत होते. "इनके घरून नया चावल भेजे हैं."

इनके. स्वतःच्या पोराला. पांढरा सदरा, धुतलेलं धोतर, पुन्हा वाढलेली मिशी, डोक्यावर तांदळाची पिशवी; मंडईतली बाई जोडीदाराला यांच्यात दिसणं शक्यच नव्हतं. मी उठून उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहून नुसती मान डोलावली, ओळखीच्या माणसाकडे बघून डोलावतात तशी. ते काय करत होते ते मला त्याच क्षणी समजलं. पोराला जे हवं आहे असं त्यांना वाटत होतं, ते द्यायला ते आले होते. तांदूळ नुसतं निमित्त.

"बैठिए ना, काका," म्हणत जोडीदाराने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, तांदूळ डब्यात ओतून पिशवी परत दिली. पडद्यावर तो पोरगा लाल झेंड्यांच्या किल्ल्यावर उभा होता. बाबा पेला हातात धरून बघत राहिले. मग म्हणाले, "हा कोण होय?"

जोडीदाराने हौसेने सगळी गोष्ट सांगितली. साधा विद्यार्थी, दुसऱ्या जगात पोचला, आता तिथे मोठा माणूस झाला.

"अन् त्याच्या घरचे? वो ढूंढते नहीं क्या?"

"घरवालों का तो दिखाया ही नहीं, काका."

बाबांनी मान हलवली. "तिथं चांगला आहे ना तो?"

"एकदम राजा जैसा!"

"मंग झालं," बाबा म्हणाले आणि पाणी संपवून उठले. तीनची गाडी पकडायची होती. मी कसाबसा म्हणालो, "मी येतो स्टँडवर."

"कायले येता?" ते म्हणाले. मला. "तुमचं चालू द्या."

ते बाहेर गेले आणि पायरीशी वाकून सँडलचा पट्टा लावू लागले. दार उघडंच होतं. जोडीदार खाटेवर येऊन बसला. "बढ़िया आदमी है यार," तो म्हणाला. "कौन लगते हैं तेरे?"

चार हातांवर बाबा होते. वाकलेली त्यांची पाठ मला दिसत होती. नुसतं खरं बोलायचं होतं, एकच शब्द पुरला असता, आणि सगळं तिथेच धुऊन गेलं असतं.

"कोई नहीं," मी म्हणालो. "गांव के हैं."

पट्ट्यावरचा हात थांबला. मग त्यांनी पट्टा नीट लावला, रिकाम्या पिशवीची घडी घालून काखेत धरली आणि फाटकाकडे चालू लागले. मागे वळून पाहिलं नाही. वळले असते तर मला तोंड लपवावं लागलं असतं, म्हणून ते वळले नाहीत.