मला माझाच आवाज ऐकू येईना

नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या घशात नळी घालून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही गाता की ओरडता?"

मी डोंबिवलीच्या एका शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे खरं उत्तर "दोन्ही" असं होतं. पण त्यांचा रोख वर्गाकडे नव्हता. शनिवार-रविवारी मी ठाण्यातल्या पबांमध्ये एका चारजणांच्या बँडबरोबर गाते, हे त्यांना आधीच सांगून झालं होतं. स्वरतंतू सुजले होते. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, म्हणाल्या. आणि नंतर पुन्हा असंच ताणत राहिलात, तर गाणं सोडाच, शिकवायलाही आवाज उरणार नाही.

मी घाबरले. मुलं, शाळा, सासूबाईंची औषधं या सगळ्यात बँड ही एकच गोष्ट मी निव्वळ माझ्या हौसेखातर करत होते. ती चाळिशीनंतर हाती लागली होती आणि आता सुटायला आली होती.

मी ओरडत होते ते का, हे मला पक्कं माहीत होतं. स्टेजवर मला माझा आवाज ऐकूच येत नसे. ड्रम वाजवणारा कल्याणच्या एका धान्य व्यापाऱ्याचा मुलगा, मला ताई म्हणतो, पण वाजवताना नातं विसरतो. त्याने हात मोकळा सोडला की गिटारवाला आपला आवाज वाढवायचा. हा माझा कॉलेजपासूनचा मित्र, कोपरीत राहतो, स्वभावाने लोण्यासारखा, पण गिटारला कोणी काही बोललेलं त्याला खपत नाही. गिटार वाढली की बेसही वाढायचा. बेस वाजवतो माझा धाकटा दीर. तो कोपरला आमच्याच इमारतीत राहतो आणि घरात त्याचा आवाज कधी ऐकू येत नाही, तेवढी कसर तो पबमध्ये भरून काढायचा. वर्गातली पन्नास पोरं मी "हाताची घडी, तोंडावर बोट" म्हणून गप्प करते. हे तीन बाप्ये मात्र पालथा घडा.

माझ्या मौनाच्या पहिल्याच आठवड्यात आमचा एक कार्यक्रम कबूल केलेला होता. गिटारवाला म्हणाला, मी गातो, तू आराम कर. मी आराम केला नाही. मी जाऊन मागच्या टेबलावर लिंबू सोडा घेऊन बसले. आपल्याच बँडसमोर श्रोता म्हणून बसण्याची ती माझी पहिली वेळ.

गिटारवाल्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. शब्द एकही कळेना. नुसता गलका, आणि मधूनच माइकची कानात जाणारी शिट्टी. शेजारच्या टेबलावरची बाई नवऱ्याला काहीतरी सांगत होती. त्याला ऐकू जाईना, तेव्हा तिने फोनवर टाइप करून दाखवलं. त्याने मान डोलावली आणि दोघांनी बिल मागवलं.

वाजवून झाल्यावर गिटारवाला घाम पुसत आला. "कसं झालं? एकदम कडक ना?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मौनात भांडताही येत नाही. मी फोनवर लिहिलं, 'एकही शब्द कळला नाही.'

"अगं, हा पबच तसा आहे," तो म्हणाला. "गोदामात आपण किती क्लीन वाजवतो, तू ऐकलंयस ना?"

ते खरं होतं. ड्रमवाल्याच्या वडिलांचं कल्याणला गोदाम आहे. बाजार बंद असतो त्या दिवशी आम्ही तिथे सराव करायचो, तांदळाच्या आणि तूरडाळीच्या छतापर्यंत रचलेल्या गोण्यांमध्ये उभं राहून. तिथे खरंच सगळं नीटनेटकं वाजायचं. म्हणून आम्ही आवाजाचं प्रत्येक बटण कुठे ठेवायचं ते तिथेच ठरवलं होतं आणि पबमध्येही बटणं तिथेच ठेवत होतो.

पुढच्या सरावाला मी गोदामात शिरले आणि सवयीने टाळी वाजवली. वर्गात शिरताना वाजवते तशीच. टाळी जागच्या जागी विझली. माझ्या डोक्यात उजेड पडला तो तिथे. पबमध्ये काचा, गुळगुळीत फरशी, बारमागचा भिंतभर आरसा. तिथे टाळी चार ठिकाणांहून परत येते. इथे गोण्या आमचा सगळा आवाज गिळत होत्या. कितीही बडवा, कोणाला त्रास नाही. पबमध्ये आवाज गिळायला कोणी नव्हतं. तिथे लोक होते, आणि ते चिली चिकन खायला आलेले होते.

मी तिघांना फोनवर लिहून दाखवलं, 'आजपासून सराव वरच्या खोलीत.' गोदामाच्या वरची खोली म्हणजे फरशी, पत्रा आणि चार उघड्या भिंती. पहिल्याच गाण्याला ड्रमवाल्याने स्वतःच हात आखडले. "ताई, हे तर भयानक आहे," तो म्हणाला. मी मान हलवली. हेच तर लोक पैसे देऊन ऐकत होते.

त्या खोलीत आम्ही महिनाभर सराव केला. ड्रमवाल्याने जाड काठ्या ठेवून दिल्या आणि खराट्याच्या काड्यांना चिकटपट्टी गुंडाळून दोन जुड्या केल्या. खराटा आईचा होता, त्यामुळे घरी त्याला बोलणी बसली. पण ड्रम आता खोलीत मावायला लागले. दिरानेही बेस कमी केला. अडून बसला तो गिटारवाला.

"एवढा आवाज कमी केला तर मजाच गेली ना! रॉक आहे हे, कीर्तन नाही."

तोवर डॉक्टरीणबाईंनी मला हळू बोलायची परवानगी दिली होती. मी ती लगेच वापरली. "कीर्तनात निदान शब्द तरी कळतात."

तो फुगला. पुढच्या सरावाला येतो की नाही अशी शंका होती, पण आला. त्याचा स्पीकर जमिनीवर असायचा. "आवाज तुझे गुडघे ऐकतात, तू नाही," असं म्हणत मी तो स्पीकर खुर्चीवर चढवायला लावला आणि त्याच्या कानाकडे वळवला. त्याने एक तार छेडली, दचकला आणि स्वतःच्या हाताने बटण मागे फिरवलं. नंतर माझ्यासमोरच्या छोट्या स्पीकरमधूनही त्याने गिटार काढून टाकली. तो स्पीकर गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणूनच असतो. त्याने मात्र त्यातही गिटार भरून ठेवली होती.

मग एका रविवारी दुपारी, त्याच पबमध्ये, मी पुन्हा गायला उभी राहिले. पहिलं गाणं सुरू झालं आणि मला माझा श्वाससुद्धा ऐकू आला. पुढच्या टेबलावरची मुलगी माझ्याबरोबर शब्द म्हणत होती. मला इतका आनंद झाला की हसू आवरेना.

दुसऱ्या गाण्यात कडव्याचा वरचा सूर आला आणि माझा आवाज फाटला.

आधीही फाटतच असणार, पण गलक्यात कोणाला कळत नव्हतं. आता सगळ्यांना कळलं, मला सगळ्यांत आधी. कसंबसं गाणं संपवलं. टाळ्या पडल्या, पण मला रडू येत होतं. मी धरून चालले होते की बाकीचे हटले की त्यांच्याखाली दबलेला माझा जुना आवाज मला परत मिळेल. बाकीचे हटले होते, आणि तो आवाज तिथे नव्हता.

मी माइक बंद केला आणि गिटारवाल्याकडे वळले. "माझा आवाज गेला रे."

"गेला नाही," तो म्हणाला. "खाली आलाय. मी आज पहिल्यांदाच नीट ऐकला ना." सूर वर चढवायला गिटारच्या दांड्यावर एक चिमटा लावतात. तो त्याने काढला आणि खिशात टाकला. "आजपासून सगळी गाणी खालच्या पट्टीत."

"अरे, पण बेसचं काय? आयत्या वेळी?"

"मी बघतो, वहिनी," मागून दीर म्हणाला. "तुम्ही गा."

ड्रमवाल्याने खराट्याच्या काड्यांनी हलकेच ठेका धरला. मी माइक पुन्हा सुरू केला आणि डोळे मिटून खालच्या पट्टीत सुरुवात केली. समोरच्या स्पीकरमधून एक जाडसर, जरासा खरखरीत आवाज आला. तो पंचेचाळिशीतल्या बाईचा होता, कुठेही ताणलेला नव्हता, आणि मला तो आवडला.